डाळिंब-द्राक्षाचं गुलाबी व्होडका कॉकटेल : मार्च-एप्रिलच्या गच्चीवरच्या बैठकीसाठी (सोलापूर)

भगवा_दाणा

मार्च लागला की सोलापूरच्या बाजारात दोन फळं एकदमच येतात. हस्त बहाराचं, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलोऱ्याचं, भगवा जातीचं डाळिंब आणि पांढरी बिनबियांची द्राक्षं. या दोन्हींच्या रसातून व्होडकाचं फार सुंदर गुलाबी कॉकटेल होतं. त्याला डब्यातला क्रॅनबेरी ज्यूस लागत नाही आणि लाल रंगाचं सरबतही लागत नाही. रंगपंचमीच्या संध्याकाळपासून द्राक्षं संपेपर्यंत हेच करावं असं माझं ठाम मत आहे.

दोन फळं का, ते आधी. नुसत्या डाळिंबाच्या रसाचं पेय गुलाबी होत नाही, लालभडक होतं, आणि जिभेला तुरट लागतं. रंग फिका करायला पाणी घातलं तर चव मरते. पांढऱ्या द्राक्षाचा रस घातला तर रंग उतरतो, चव मात्र भरलेली राहते.

एका ग्लासचं माप :
व्होडका ४५ मिली
डाळिंबाचा रस ३० मिली
पांढऱ्या द्राक्षाचा रस ३० मिली
ताज्या लिंबाचा रस २० मिली
डाळिंबाचा पाक १० मिली
थंड साधा सोडा ४५ मिली
बर्फ, हलवायला वेगळा आणि ग्लासात वेगळा

पाकासाठी १०० मिली डाळिंबाच्या रसात १०० ग्रॅम साखर घालून मंद आचेवर फक्त विरघळवा. उकळी आणायची नाही. उकळलं की रंग विटकरी होतो आणि वास मुरंब्याचा येतो. एवढ्यात साधारण १६० मिली पाक होतो. काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये दोन आठवडे राहतो.

डाळिंब सोलताना पांढरा पापुद्रा एकही राहू देऊ नका. दाणे मिक्सरमध्ये दोन-तीनदाच, एकेक सेकंद फिरवा. दाणा फुटला पाहिजे, आतली बी फुटता कामा नये. बी फुटली की रस कडवट आणि मळकट होतो. मग ओल्या मलमलच्या फडक्यातून गाळा. फडकं पिळू नका, आपोआप गळू द्या. एक किलो डाळिंबातून असा ३५० ते ४०० मिली रस मिळतो. पिळून आणखी ५० मिली मिळेल, पण सगळा तुरटपणा त्या ५० मिलीतच असतो.

द्राक्षं धुऊन, देठ काढून, मिक्सरमध्ये लिंबाचा रस आधी घालून मगच फिरवा. एक किलोला ३० मिली पुरे. लिंबू नंतर घातलं तर तोवर रस तपकिरी झालेला असतो.

सोडा सोडून सगळं शेकरमध्ये, वर मूठभर मोठा बर्फ, झाकण घट्ट. १० ते १२ सेकंद जोरात हलवायचं. शेकरच्या बाहेरून दव धरलं आणि हाताला चटका बसल्यासारखा गार लागला की झालं. ग्लासात ताजा बर्फ, त्यावर गाळून, शेवटी ग्लासच्या कडेनं सोडा. चमचा तळापासून एकदाच वर उचला, ढवळत बसू नका.

जुळे_सोलापूर

उत्तम माप. एक विचारतो, ओ दादा, २० मिली लिंबू इतकं का घाललालाव? आपल्या कागदी लिंबाला आंबटपणा चांगलाच असतो.

भगवा_दाणा

दोन कारणं. एक, दोन्ही रस आणि पाक मिळून एका ग्लासात १५-१६ ग्रॅम साखर जाते, ती लिंबानं तोलावी लागते. दुसरं, रंग. आंबटपणा कमी झाला की डाळिंबाचा गुलाबी टिकत नाही. पण द्राक्षं कोणत्या आठवड्यातली आहेत ते बघा. सुरुवातीची किंचित आंबट असतात, तेव्हा १५ मिली पुरेल. एप्रिलमधली पिवळसर झाक आलेली असतील तर २० मिली लिंबू ठेवून पाकच ५ मिलीवर आणा.

चव गार असतानाच घ्या. गार पेयात गोडी कमी जाणवते, म्हणून खोलीच्या तापमानाला बरोबर लागलेलं मिश्रण बर्फावर आंबट लागतं.

रसगाळणी

लिंबाबद्दल एक भर. एका कागदी लिंबातून १५ ते १८ मिली रस निघतो. लाकडी किंवा स्टीलच्या दाबणीत पूर्ण जोर लावला की सालीचं तेल आणि बियांचा कडवटपणा रसात उतरतो. बेताचा दाब द्यायचा, बिया गाळायच्या. आदल्या दिवशी काढून ठेवलेला लिंबाचा रस वापरू नका. चार-पाच तासांनी त्याचा ताजा वास जातो आणि मागे एक कडसर चव उरते. बाटलीतला तर नकोच.

सातरस्ता

सोडा ओतला की रंग गुलाबीचा जांभळट-राखाडी होतो. फळ चांगलं, लिंबूही घातलेलं. कशामुळे होत असेल?

मापात_माप

सोडा आणि बर्फ, दोन्ही तपासा. जरा सविस्तर लिहितो, कारण या पेयात सगळ्यात जास्त बिघाड इथंच होतो.

डाळिंबाचा रंग अँथोसायनिन या गटाचा असतो. हा रंग आंबट द्रवात लाल-गुलाबी दिसतो, आंबटपणा कमी होत गेला की जांभळा, आणि अल्कली वाढली की निळसर-राखाडी. रंग कमी होत नसतो, बदलत असतो. त्यामुळे डाळिंब आणखी घालून काहीच सुधारत नाही. आंबटपणा परत आणला तरच सुधारतं.

आता सोडा. नुसत्या पाण्यात वायू भरलेला सोडा स्वतःच किंचित आंबट असतो, तो रंगाला धक्का लावत नाही. पण बाजारातल्या काही सोड्यांत सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खायचा सोडाच, घातलेला असतो. तो लिंबाची आंबटी मारतो. बाटलीवरचे घटक वाचा. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड एवढंच लिहिलेलं असेल ती बाटली घ्या.

मग बर्फ. बोअरचं जड पाणी असेल तर त्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. केटलच्या तळाला जो पांढरा थर बसतो तो त्याचाच. त्या पाण्याचा बर्फ ग्लासात वितळत गेला की दहा-पंधरा मिनिटांत रंग मळतो. बर्फाला आरओचं पाणी वापरा. आरओ नसेल तर पाणी पाच-सात मिनिटं खळखळून उकळा, गार करा, खाली बसलेला गाळ न हलवता वरचं पाणी अलगद ओतून घ्या आणि त्याचा बर्फ करा. पूर्ण नाही, पण बराच जडपणा उतरतो.

खात्री करायची असेल तर साधी चाचणी आहे. पांढऱ्या बशीत डाळिंबाच्या रसाचे चार थेंब घ्या, त्यावर चमचाभर तुमचा सोडा घाला. जांभळं पडलं तर दोष सोड्यात. दुसऱ्या बशीत तसंच बर्फाचं पाणी. दोन मिनिटांचं काम आहे, आणि पाहुण्यांसमोर फजिती टळते.

बिघडलेला ग्लास टाकू नका. ५ मिली लिंबू घालून हलवा, गुलाबी परत येतो.

सातरस्ता

बशीची चाचणी केली. सोडाच होता. धन्यवाद.

शेंगाचटणी

तपकिरी आणि जांभळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही लिहून ठेवू या, लोक एकच समजतात. जांभळं पडलं तर आंबटपणा कमी. तपकिरी पडलं तर द्राक्षाचा रस हवेनं काळवंडलेला, किंवा पाक उकळलेला, किंवा डाळिंबात एखादा किडका दाणा. कापलेलं सफरचंद जसं काळं पडतं तसंच द्राक्षाच्या रसाचं होतं. लिंबू आधी घालणं आणि रस गच्च भरलेल्या बाटलीत ठेवणं हे दोनच उपाय. अर्ध्या रिकाम्या जगमध्ये झाकून ठेवलेला रस तासाभरात रंग बदलतो.

बाळीवेस

डाळिंब निवडण्याबद्दल. बाजार समितीत निर्यातीचा माल बघून दिपून जाऊ नका. रसासाठी मोठं, चकचकीत फळ लागत नाही. आकाराच्या मानानं जड, गोलाई मोडून कडांना पैलू पडलेलं, साल घट्ट, बोटानं वाजवल्यावर भरीव टणक आवाज. असं २०० ते २५० ग्रॅमचं फळ घ्या.

सालीवर तेल्या रोगाचे काळे ठिपके असतील तर भाव पडतो, पण ठिपके सालीपुरते असतील आणि साल तडकलेली नसेल तर आतले दाणे बहुधा चांगले निघतात, आणि रसाला तेवढंच हवं. उकललेलं फळ मात्र कितीही स्वस्त असो, घेऊ नका. भेगेतून बुरशी आत जाते. फळ कापल्यावर एका खणात तपकिरी, मऊ पडलेले दाणे दिसले तर तो अख्खा खण टाका, शेजारच्या पापुद्र्यासकट. असे पाच-सहा दाणे लिटरभर रसाला खवट वास देतात. म्हणूनच प्रत्येक फळाचे दाणे आधी वेगळ्या ताटलीत काढा, बघा, वास घ्या, मगच मोठ्या भांड्यात टाका. सगळी एकदम सोलून एकाच पातेल्यात टाकायची सवय इथं महाग पडते.

सोलण्याची पद्धत : देठाकडची टोपी सुरीनं गोल कापून काढायची, पापुद्र्यांच्या रेषांवर वरून खाली पाच-सहा चिरा द्यायच्या, साल तेवढीच कापायची, मग हातानं उकलायचं. मधोमध आडवं कापलं तर सुरीखाली दाणे फुटतात आणि रस ओट्यावर जातो.

भगव्याऐवजी गणेश जातीचं मिळालं तर दाणा फिका गुलाबी असतो, मग द्राक्षाचा रस १५ मिलीवर आणून डाळिंबाचा ४५ करा. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचं ‘सोलापूर लाल’ मिळालं तर उलट, डाळिंब २५ मिलीच घ्या. त्याचा रंग गडद आहे.

उजनी

आपल्या डाळिंबाला २०१६ मध्ये ‘सोलापूर डाळिंब’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आणि बाहेर ज्याला ग्रेनेडीन म्हणतात तो मुळात डाळिंबाचा पाकच. फ्रेंचमध्ये डाळिंबाला ‘ग्रेनाद’ म्हणतात, नाव त्यावरून आलं. आता बाटलीत मिळणाऱ्या अनेक ग्रेनेडीनमध्ये डाळिंब नसतंच, साखर, आम्ल आणि रंग असतो. सांगोला-पंढरपूरची डाळिंबं घराजवळ असताना ती बाटली विकत आणू नये, एवढंच म्हणणं.

जुळे_सोलापूर

बारा-चौदा लोकांसाठी करायचं आहे. प्रत्येक ग्लास हलवत बसणं शक्य नाही. आधी करून ठेवता येतं का?

मापात_माप

येतं, आणि गर्दीत तेच करावं. ७५० मिलीच्या एका बाटलीत १६ ग्लास बसतात, ३० मिली उरते. हिशोब :

व्होडका ७२० मिली
डाळिंबाचा रस ४८० मिली
द्राक्षाचा रस ४८० मिली
लिंबाचा रस ३२० मिली
डाळिंबाचा पाक १६० मिली
गार आरओचं पाणी ४३० मिली

पाणी बघून दचकू नका. शेकरमध्ये हलवताना बर्फ वितळून प्रत्येक ग्लासात २५ ते ३० मिली पाणी जातंच, तेच आपण मोजून घालतोय. हे पाणी वगळलं तर पेय घशाला लागतं आणि गोडही वाटतं. आणि तेवढं न घालता ग्लासातल्या बर्फावर सोडून दिलं तर पहिला घोट तिखट आणि शेवटचा पाणचट.

सगळं मिळून सुमारे २.६ लिटर. ग्लासमागे १६० मिली मिश्रण, वर ४५ मिली सोडा. सोड्याची ७५० मिलीची एक बाटली लागेल, दोन आणा, उघडलेल्या बाटलीतला वायू अर्ध्या तासात उतरतो. सोडा मोठ्या भांड्यात कधीही घालू नका.

खरेदी : डाळिंब पावणेदोन किलो (पाकाचा रस धरून), द्राक्षं एक किलो, लिंबं २२, साखर १०० ग्रॅम. बर्फ ग्लासमागे १५० ग्रॅम धरला तरी अडीच किलो होतो, पण आपल्याकडे मार्चअखेरीला संध्याकाळी सातला गच्चीची फरशीसुद्धा तापलेली असते. बाटल्या गार ठेवायला धरून सहा किलो लागेलच.

वेळेचं गणित असं : पाक दोन दिवस आधी. डाळिंबाचा रस आदल्या रात्री, काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रीजमध्ये. सकाळी तळाशी गाळ बसलेला दिसेल, वरचा स्वच्छ रस ओतून घ्या. द्राक्षाचा रस त्याच दिवशी दुपारी. लिंबू आणि एकत्र मिसळणं पाहुणे यायच्या दोन तास आधी. मग फ्रीजमध्ये, फ्रीजरमध्ये नाही. व्होडकाची बाटली घरच्या फ्रीजरमध्ये गोठत नाही, पण या तयार मिश्रणात मद्यार्क १२ टक्क्यांच्या आसपासच उरतो, ते गोठून गोळा होतं, आणि काठोकाठ भरलेली काचेची बाटली तडकते.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं. पितळेचा हंडा किंवा तांब्याचा जार दिसायला सुरेख असतो, पण इतकं आंबट पेय त्यात तासभर ठेवणं धोक्याचं, धातू उतरतो. ॲल्युमिनियमचं पातेलंही नको.

रसगाळणी

बर्फाबद्दल महत्त्वाचं. कारखान्याची लादी बाहेरून बाटल्या गार करायला ठीक, ग्लासात नाही. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळायचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, पण निळा नाही म्हणजे खाण्याचाच आहे असं गृहीत धरू नका. ग्लासासाठी घरचा, नाहीतर पाकीटबंद खाण्याचा बर्फ घ्या.

घरी बर्फ करायचा तर दोन दिवस आधीपासून. छोट्या साच्यांऐवजी स्टीलच्या चपट्या डब्यात तीन बोटं पाणी लावा, रात्रभरात वीट होते. डबा मिनिटभर बाहेर ठेवला की सुटते. स्वच्छ पंचात गुंडाळून बत्त्यानं लिंबाएवढे तुकडे करा. मोठा तुकडा सावकाश वितळतो, म्हणून उन्हाळ्यात हाच फरक सगळ्यात जास्त जाणवतो. तुकडे पिशवीत भरून परत फ्रीजरमध्ये टाका. मटण-मासळीशेजारी उघडा ठेवलेला बर्फ वास धरतो.

सातरस्ता

शेकर नसला तर?

रसगाळणी

फिरकीच्या झाकणाची रुंद तोंडाची काचेची बरणी किंवा पाणी न गळणारा स्टीलचा डबा. दोन तृतीयांशच भरा. सोडा आत असताना हलवू नका, झाकण उडतं.

कागदी_लिंबू

व्होडका कोणती घ्यावी यावर कुणी बोललं नाही. या पेयात फळ पुढं असतं, त्यामुळे महागडी घेऊन उपयोग नाही. साधी, बिनवासाची घ्या. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, वरची मापं त्यालाच धरून आहेत. बाहेरून आणलेली ४० टक्क्यांची असेल तर माप तेच ठेवा, फरक पडत नाही. हिरव्या सफरचंदाच्या किंवा संत्र्याच्या स्वादाची बाटली इथं वापरू नये, तो कृत्रिम वास डाळिंबावर बसतो. परवानाधारक दुकानातूनच, सील आणि बाटलीवरचं लेबल बघून घ्या. खुल्या किंवा सील तुटलेल्या बाटलीचा विचारही नको.

आणि एक हिशोब सगळ्यांनी लक्षात ठेवावा. ४५ मिली म्हणजे दीड छोटा पेग. पेय गोड, गार आणि फळांचं असल्यामुळे दारू जाणवत नाही, आणि उन्हात तहान लागलेली असते. दोन ग्लास म्हणजे तीन छोटे पेग, अर्ध्या तासात सहज पोटात जातात. म्हणून गच्चीवर आधी पाण्याचे जग ठेवा, मग कॉकटेलचा. ग्लासही बेताचाच ठेवा, उंच ४०० मिलीचे ग्लास असले की ओतणारा हात मोकळा होतो.

संपादक_मंडळ

धाग्यासंदर्भात नोंद : महाराष्ट्रात व्होडकासारख्या मद्यासाठी वयाची अट २५ वर्षं पूर्ण अशी आहे आणि पिण्याचा परवाना लागतो. हॉल किंवा लॉन घेऊन कार्यक्रम करणार असाल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या दिवसाचा तात्पुरता परवाना आधी काढावा. वाहन चालवताना रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असणं गुन्हा आहे. ज्याला गाडी न्यायची आहे त्याच्यासाठी हे पेय नाही.

शेंगाचटणी

रंगपंचमीला भांग घातलेली थंडाई घेतलेल्या माणसाच्या हातात हा ग्लास देऊ नका. दोन्ही एकत्र झाले की चक्कर, उलट्या, घाबरणं, सगळं वाढतं. मेट्रोनिडॅझोलसारखी औषधं चालू असणाऱ्यांनीही घेऊ नये.

उजनी

दारू न घेणाऱ्यांसाठी याच रंगाचं काही? त्यांना बाजूला वेगळ्या रंगाचं सरबत देणं बरं दिसत नाही.

भगवा_दाणा

अगदी बरोबर, आणि सोपं आहे. व्होडकाऐवजी ३० मिली गार, बिनदुधाचा, बिनसाखरेचा काळा चहा आणि अर्धा चमचा आल्याचा गाळलेला रस. बाकी तेच, सोडा ६० मिली. व्होडका काढली की पेय नुसतं गोड सरबत होतं, कारण मद्याचा तो हलका चटका जातो. आलं चटका देतं आणि चहा थोडा तुरटपणा. चहा दोन मिनिटंच उकळा, कडक झाला तर रंग विटकरी होईल. ग्लासात वेगळी खूण हवी, नाहीतर अदलाबदल होते. व्होडकाच्या ग्लासात डाळिंबाचे दाणे, बिनदारूच्या ग्लासात पुदिन्याचं पान, असं ठरवून टाका आणि सगळ्यांना सांगा. मिश्रणाचे जगही वेगवेगळ्या टेबलांवर.

जुळे_सोलापूर

कलिंगडाचं किंवा स्ट्रॉबेरीचं करता येईल का याच मापात?

मापात_माप

याच मापात नाही, दोन्ही फळांचा स्वभाव वेगळा.

कलिंगडाचा लाल रंग लायकोपीनचा. तो पाण्यात विरघळत नाही, गराच्या कणांबरोबर तरंगतो. म्हणून कलिंगडाचं पेय पाच मिनिटं ठेवलं की वर पाणी, खाली लाल गाळ. ते करून ठेवायचं पेयच नाही. करायचं तर कलिंगडाचा रस ९० मिली, व्होडका ४५, लिंबू २०, साधा पाक ५, चिमूटभर सैंधव, सोडा २० मिलीच. रस शेवटच्या तासात काढा, शिळा झाला की शिजलेल्या काकडीसारखा वास येतो. फायदा एक : याचा रंग आंबटपणावर अवलंबून नाही, त्यामुळे जड पाण्यानं बिघडत नाही.

स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पाचगणीकडची मार्चमध्ये स्वस्त आणि पूर्ण पिकलेली मिळते, पण सोलापूरला येईपर्यंत मऊ पडलेली असते. कॉकटेलला मऊच चांगली. बुरशीचा पांढरा कापूस दिसला ते फळ आणि त्याला चिकटलेलं फळ टाका. ग्लासमागे ६० ग्रॅम स्ट्रॉबेरी चिरून १० ग्रॅम साखर लावून अर्धा तास ठेवा, स्वतःच्या रसात भिजते. मग चमच्याच्या पाठीनं चेपा, मिक्सर नको. बारीक गाळणीतून दोनदा गाळा, कारण त्या इवल्या बिया दातात येतात. त्यात व्होडका ४५, लिंबू १५, आणि हवं तर २० मिली डाळिंबाचा रस. स्ट्रॉबेरीचा रंग दुसऱ्या दिवशी फिका पडतो, डाळिंबाची जोड दिली की दिसायला तजेला राहतो.

कागदी_लिंबू

आणखी एक विचारलं जाईलच म्हणून : स्ट्रॉबेरी आइस्क्रीम, दूध, साय यातलं काहीही या लिंबाच्या पेयात घालू नका. लगेच फाटतं, वर दह्यासारखे कण येतात. गुलाबाचा वास हवा असेल तर अख्ख्या जगमध्ये गुलाबपाण्याचे चार-पाच थेंब, तेही खाण्याचं गुलाबपाणी. चेहऱ्याला लावायच्या बाटलीतलं नव्हे.

बाळीवेस

कोकम घातलं तर?

भगवा_दाणा

चालतं, पण आगळ नको, त्यात मीठ फार. सहा अमसुलं ६० मिली गरम पाण्यात तासभर भिजवा, गाळा. लिंबू २० वरून १० मिलीवर आणा आणि कोकमाचं हे पाणी १५ मिली घाला. रंग गडद किरमिजी होतो.

शेंगाचटणी

सोबत काय द्यावं यावर. आपल्याकडे बैठक म्हटली की शेंगाचटणी आणि कडक भाकरी येणारच, आणि ते या पेयाबरोबर फार छान जातं. शेंगदाण्याचा तेलकटपणा आंबट घोटानं धुऊन निघतो. फक्त चटणी मध्यम तिखट करा. जास्त लाल तिखट असेल तर मद्य त्या जळजळीला आणखी चेव देतं, मग लोक गार म्हणून पेयच जास्त पितात. काकडीचे काप आणि घट्ट दही मधे ठेवा. तेलाचे हात ग्लासच्या काठाला लागू देऊ नका. हलवलेल्या पेयावर जो पातळ गुलाबी फेस येतो तो तेलाच्या एका बोटानं बसतो.

काठाला मीठ लावायचं तर साधं सैंधव आणि साखर समप्रमाणात, ग्लासच्या अर्ध्याच काठाला. काळं मीठ लावायची पद्धत पडली आहे, मला ती इथं पटत नाही. त्याच्या गंधकाच्या वासाखाली डाळिंबाचा नाजूक वास दबतो.

जुळे_सोलापूर

शेवटचा प्रश्न. मिश्रण उरलं तर किती टिकेल?

मापात_माप

सोडा न घातलेलं, बाटली काठोकाठ भरून, फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. लिंबाची चव उतरलेली असेल, ग्लासमागे ५ मिली ताजं लिंबू घाला. त्यापुढे ठेवायचं असेल तर चपट्या डब्यात ओतून फ्रीजरला लावा, दर तासाला काट्यानं खरवडा. तीन-चार तासांत गुलाबी बर्फाचा चुरा होतो, चमच्यानं खाता येतो. डब्यावर नाव लिहून ठेवा, घरात मुलं असतील तर त्यांच्या हाती लागेल अशा जागी ठेवू नका.